लक्ष्मीपुरीतल्या भट्टीला साडेतीन स्टार

लंगोट कुणी लॉन्ड्रीत टाकतं का? गेल्या जुलैपर्यंत मला कुणी असं सांगितलं असतं तर त्याला उन्हाचा तडाखा बसलाय समजून मी गार थंडाई पाजली असती. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर सव्वीस पिशव्यांचं गाठोडं असतं आणि मी ते घेऊन कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत जातो. रस्त्यात भेटणारे विचारतात, "सर, जोडधंदा काढला काय?"

मी एका हायस्कूलला पीटी शिकवतो आणि कुस्तीची पोरं बघतो. माझे दोन्ही कान पैलवानाचे असतात तसे मोडलेत, त्यामुळे वेगळं ओळखपत्र लागत नाही. आणि हा रिव्ह्यू लॉन्ड्रीचाच आहे, पण सुरुवात नायट्यापासून करावी लागेल. नाहीतर सव्वीस पोरांचे लंगोट उकळून आणायला मास्तरला काय वेड लागलंय, असं वाटेल.

आधी जागा. धान्य बाजाराच्या मागच्या बोळात डाव्या हाताला, जिथं हातगाड्या उलट्या करून ठेवतात त्याच्या समोर. बोर्डावरची अक्षरं पावसानं गेलीत, 'लॉन्ड्री' एवढंच वाचता येतं, त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. काउंटरला मामा असतात. सत्तरीचे आहेत, टोपी कायम, आणि हिशोब तोंडी. मशीनकडं त्यांच्या सूनबाई, सगळे त्यांना वहिनी म्हणतात. गाडी लावायला जागा मिळणार नाही. पोती उतरवणारा टेम्पो मागं उभा राहिला की अर्धा तास अडकलातच म्हणून समजा.

आता नायटा. जूनच्या शेवटी आठवीतल्या एका पोराच्या मानेवर रुपयाएवढं वर्तुळ दिसलं. कड तांबडी, जराशी उठलेली, बारीक कोंडा सुटलेला, आणि मधली कातडी साफ. याला आम्ही नायटा म्हणतो, शाळेच्या पुस्तकात गजकर्ण, आणि स्टँडवर विकणाऱ्यांच्या डबीवर दाद. मी त्या पोराला म्हणालो, "तालमीत जा, माती चोळ, जातंय." मला पंधराव्या वर्षी असंच सांगितलं होतं. टाकळ्याचं बी लिंबाच्या रसात वाटून लावलेलं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर आग झालेली, आणि पावसाळा सरल्यावर नायटा आपसूक गेलेला. श्रेय टाकळ्याला मिळालं.

पंधरा जुलैपर्यंत सव्वीसपैकी अकरा पोरं झाली.

कुस्तीत हे पसरायला वेगळं काही लागतच नाही. मानेवर मनगट, गालाला गाल, दंडाला दंड, त्यात घाम आणि मॅटवर घासून सोललेली कातडी. आमच्या पोरांची वर्तुळं होती तीही मानेवर, दंडावर, कानामागं. जिथं पकड बसते तिथंच. शिवाय ती दिसायला चार दिवस ते दोन आठवडे लागतात. म्हणजे मला दिसेपर्यंत ते पोरगं निम्म्या संघाशी लढून झालेलं असतं. पोरं सांगतही नाहीत. जिल्ह्याची निवड तोंडावर, दहावीला खेळाचे वाढीव गुण, आणि जांघेतलं असेल तर विचारूच नका. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून कुणी सरावाला आला की समजायचं, आत काहीतरी झाकलंय.

मग मी एक काम केलं, जे आजही रात्री आठवतं. मेडिकलमध्ये गेलो आणि "नायट्यावर चांगलं काहीतरी द्या" म्हणालो. एक ट्यूब मिळाली, स्वस्त, थ्री-इन-वन. तशा चार घेतल्या. तीन दिवसांत खाज बंद. पोरं खूश, मी खूश. बोर्डिंगमधल्या पोरांनी ट्यूब उशाखाली ठेवून आळीपाळीनं लावली. दोन आठवड्यांनी नायटे परत आले, पण आता वर्तुळ राहिलं नव्हतं. कड पुसट, डाग पसरट, तळहाताएवढे. आणि दहावीतल्या एका पोराच्या मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा उमटल्या, बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी त्या रेघांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ट्यूब कुठली लावली?" मी खिशातून काढून दिली. त्यांनी मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. एक बुरशीचं औषध, एक जंतूंचं आणि एक स्टेरॉईड. स्टेरॉईडनं खाज आणि लाली दबते, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं, आणि जांघेसारख्या नाजूक जागी कातडी पातळ होऊन अशा रेघा पडतात. त्या फिकट होतील, जाणार नाहीत. २०१८ साली सरकारनं स्टेरॉईडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. मला मिळाल्या, त्याही चार. पण दुकानावर किती बोलणार? मागणारा मीच होतो.

मॅडमनी एका पोराच्या दंडावरचा कोंडा ब्लेडच्या पाठीनं काचपट्टीवर खरवडला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, थोडा वेळ थांबल्या आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला बोलावलं. पेशींच्या फरशीवरून आडवेतिडवे फांद्या फुटलेले धागे गेले होते. "हे तुमचे खेळाडू," म्हणाल्या. ही बुरशी कातडी, केस आणि नखांतल्या केराटिनवर जगते. अलीकडं आपल्याकडं ती फार चिवट झालीय. ट्रायकोफायटॉनच्या एका जातीला तर २०२० साली जपानी संशोधकांनी 'इंडोटिनी' असं नाव दिलं, कारण ज्या रुग्णांत ती सापडली ते भारतातले आणि नेपाळातले होते. टर्बिनाफिन हे नेहमीचं हुकमी औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही. दाद औषधाला दाद देत नाही, असं मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत.

औषध प्रत्येकाला वेगळं लिहून दिलं. मलम डागाच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. हे दुसरं कलम पाळून घेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. मॅटवर कधी घ्यायचं, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, अमेरिकेत हायस्कूलच्या कुस्तीत अंगावरच्या नायट्याला किमान ७२ तास आणि डोक्यातल्याला १४ दिवस औषध झाल्याशिवाय पोराला मॅटवर सोडत नाहीत. आपल्याकडचा चिवटपणा बघता ७२ तासांवर विसंबू नका, मी बघून सांगेन. आंतरराष्ट्रीय नियमातही वजनाच्या आधी डॉक्टर अंग तपासतात आणि संसर्गाचा त्वचारोग असेल तर खेळू देत नाहीत, म्हणजे लपवून शेवटी उपयोग नाहीच.

मग अंगावर औषध चालू असलेल्या पोरांना मी रंकाळा तलावाला फेऱ्या मारायला पाठवायला लागलो. शाळेत त्यांना 'रंकाळा गट' असं नाव पडलं. रंकाळ्याला गेला म्हणजे नायटा झाला! झालं, पोरं पुन्हा लपवायला लागली. त्यावर उपाय म्हणून मी गुरुवारी सगळ्यांनाच रंकाळ्याला न्यायला लागलो, बरोबर स्वतःही धावलो. गुडघे अजून शिव्या देतात.

आणि मग मॅडमनी तो प्रश्न विचारला ज्यावरून ही लॉन्ड्री निघाली. "कपडे कोण धुतं?"

बोर्डिंगमध्ये एक निळी बादली होती. रात्री बारा पोरांचे लंगोट, पंचे, बनियन एकत्र भिजायचे, सकाळी एकानं घुसळून काढायचे आणि दोरीवर टाकायचे. जुलैच्या कोल्हापुरात दोरीवरचा कपडा तीन दिवस ओला राहतो आणि चौथ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. पोरं तसाच दमट लंगोट कसून सरावाला यायची. काहींचा तर 'लकी' लंगोट होता. तो धुतला की कुस्ती हरतात म्हणे. एकाचा खिळ्यावरून काढला तर त्याला खिळ्याचा आकार आला होता.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. पहिला दोष अंगाला अंग लागण्याचा, कपड्यांचा नंतर. पण कोमट पाण्यात बुरशीचे बीजाणू मरत नाहीत, उलट त्याच पाण्यातून ते शेजारच्या कपड्यावर जातात. साठ अंशांच्या पाण्यात धुतलं तर मरतात. तुमची बादली म्हणजे सगळ्यांना सारखा वाटा देण्याची सोय आहे.

साठ अंश कुठून आणायचे? बोर्डिंगवर सोलर आहे, पण पावसाळ्यात ते शोभेला. तीन लॉन्ड्र्या फिरलो. एकानं लंगोट म्हटल्यावर काउंटरवरून हात मागं घेतला. दुसरा घेतो म्हणाला, पण गार पाण्यात. तिसऱ्यानं नगाचा जो दर सांगितला त्यात पोरांना रोज नवीन लंगोट शिवून मिळाले असते.

लक्ष्मीपुरीतल्या मामांनी मात्र काहीही न विचारता गाठोडं वजनाला उचलून पाहिलं आणि म्हणाले, "सुती हाय न्हवं? मग भट्टीत टाकू."

भट्टी हा शब्द मी लहानपणी ऐकलेला, बघितली पहिल्यांदाच. दुकानामागं परस आहे, त्यात विटांची चूल आणि चुलीवर हौदाएवढं लोखंडी भांडं. कपडे रात्री सोड्याच्या पाण्यात भिजतात, पहाटे चारला वर चढतात आणि दोन तास रटरटतात. अंबाबाईच्या देवळाजवळच्या लॉजच्या पांढऱ्या चादरी हा मामांचा मुख्य धंदा, त्यासाठीच ही भट्टी अजून तग धरून आहे. माझा विश्वास बसेना म्हणून पुढच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेला आणि काठीला बांधून पाण्यात सोडला. ९४ अंश! मामा मागून म्हणाले, "काय वो सर, पाण्याला ताप हाय का बगताय व्हय?"

भट्टीच्या खोलीवर पत्र्याचा माळा आहे, तिथं दोऱ्या बांधल्यात. खालची ऊब वर येते, त्यामुळे भर पावसातही कपडा एका दिवसात कडकडीत वाळतो. वर कोळशाची इस्त्री. लंगोटाला इस्त्री! पहिल्यांदा घडी घातलेले लंगोट परत आले तेव्हा पोरांनी ते वासानं ओळखले नाहीत, कारण वासच नव्हता.

पद्धत अशी बसली. प्रत्येक पोराला चार लंगोट आणि चार पंचे केले. तीन जोड पिशवीत, एक अंगावर. पिशवी मांजरपाटाची, शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी शिवून दिली. मंगळवार-शुक्रवार सकाळी द्यायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरावाच्या आत मिळते. पिशवीला पंचवीस रुपये. महिन्याचे साडेपाच-पावणेसहा हजार होतात. पोरामागं दीडशे पालक देतात, वरचे दोघा माजी विद्यार्थ्यांच्या गळ्यात मारलेत. दर वाजवी आहे. कुणी एका महिन्यात पैसे दिले नाहीत म्हणून मामांनी पिशवी अडवली, असं अजून झालेलं नाही.

मॅटचं काम आम्हीच करतो, पण त्यातही अक्कल मामांची. हायपोक्लोराइट कसं वापरायचं, हे मी इकडं तिकडं वाचत होतो. मामांचा चादरींवर हात बसलेला, त्यांनी प्रमाण सांगून टाकलं. पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध, पन्नास भाग पाणी. रोज ताजं करायचं, कालचं कामाचं नाही. पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्याचा हात. आणि संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. आमच्या शिपाईमामांनी "अजून स्वच्छ होईल" म्हणून हेच करायचा बेत केला होता. वेळेवर कळलं.

मातीचा विषय निघतोच, म्हणून लिहितो. निम्मी पोरं पहाटे तालमीत जातात. राजर्षी शाहूंनी १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान बांधून दिलं त्या गावात मातीला कुणी नावं ठेवून बघा! हळद, ताक, लिंबू, कापूर घातलेल्या मातीत रोग होत नाही, असं आमचे वस्ताद सांगतात. मॅडमना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, माती असो की मॅट, पोराच्या मानेला मान लागतेच ना? वस्तादांना मी हे असं सांगितलेलं नाही. त्यांना म्हणालो, "वर्तुळ दिसलेल्या पोराला आठ-पंधरा दिवस नुसते जोर मारायला लावा." ते लगेच मान्य झालं. जोर मारायला लावणं त्यांना कधीच अमान्य नसतं.

आता दीड स्टार कुठं कापला ते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात भुदरगडकडचा एक पोरगा, नववीतला, कंबरेच्या उजव्या बाजूला खाजवताना दिसला. शर्ट वर करायला लावला. नाण्याएवढी जागा लालभडक. मी संतापलो. एवढं सगळं चालू असताना हा लपवतोय! तो सांगत होता, "सर, ह्यो नायटा न्हाई, कालच उठलंय." मी ऐकलं नाही. रंकाळा. नऊ दिवस. त्याच आठवड्यात मनपा स्तराची स्पर्धा होती, त्याच्या वजनात दुसरा पोरगा गेला आणि पहिल्या फेरीत पडला.

मॅडमकडं नेलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. "सर, याला वर्तुळ कुठं आहे? कोंडा कुठं आहे?" जवळून बघितल्यावर दिसलं. कातडी फुगलेली, त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड, आणि सगळं एका ठिकाणी, जिथं लंगोटाची गाठ येते तिथंच. त्यांनी पोराला लंगोट मागितला, उलटा केला आणि पट्टीच्या टोकावर बोट ठेवलं. तिथं काळ्या रंगात तीन ठिपके आणि एक आडवी रेघ होती.

बिब्बा उतला होता.

भट्टीत पिशव्या सोडून कपडे मोकळे टाकावे लागतात. मग सव्वीस जणांचे सारखेच लंगोट ओळखायचे कसे? मार्कर पेनाची शाई सोड्याच्या उकळीत टिकत नाही. म्हणून मामांनी वडिलोपार्जित खूण वापरली. बिब्ब्यात सुई टोचायची, कापडावर ठिपका-रेघ ओढायची, वर चुना. कापड फाटेल पण खूण जात नाही. आणि बिब्ब्याचा रस कातडीला लागला की काही जणांना असा उततो, धुतलेल्या कपड्यावरच्या खुणेनंसुद्धा. आपल्याकडं कामात बिब्बा घातला म्हणतात. इथं खरोखरचाच घातला गेला होता.

मॅडमना यात फार रस वाटला. म्हणाल्या, इंग्रजांच्या काळात गोऱ्या सोल्जरांच्या जांघेत नायटा झाला की खापर धोब्यावर फुटायचं, म्हणून त्या रोगाला इंग्रजीत 'धोबी इच' असं नाव पडलं आणि अजून तेच चालतं. धोब्याच्या खुणेनं होतो तो हा बिब्ब्याचा. दोन वेगळे रोग, धोबी मात्र दोन्हीकडं. औषध त्यांनी पाच दिवसांचं स्टेरॉईडचं मलम दिलं. पोरगं ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचत बसलं. ती सवय आता सगळ्यांनाच लागलीय. मग हळूच म्हणालं, "सर, ह्यातलंच औषध हाय म्हणून तुम्ही त्या ट्यूबा कचऱ्यात टाकायला लावल्या की."

मी काय उत्तर देणार होतो?

त्या संध्याकाळी लॉन्ड्रीत भांडायलाच गेलो होतो, खरं सांगतो. मामांच्या पुढ्यात लंगोट टाकला. त्यांनी खूण बघितली, चष्मा काढला, बराच वेळ बोलले नाहीत. मग स्वतःचे हात पुढे केले. उजव्या अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची कातडी काळपट, चिवट, जुन्या चामड्यासारखी. "बापानं आयुष्यभर हेच केलं. आमच्या अंगाला सवय झालीया. पोरांची कातडी कोवळी, माझ्या ध्यानातच आलं न्हाई." पोरगा कुठल्या गावचा, स्पर्धा कुठली चुकली, सगळं विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर माणूस पाठवून खोबरेल तेलाची बाटली दिली. बिब्बा उतल्यावर तेच लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. मॅडमना विचारून लावलं. चालेल म्हणाल्या.

बिब्ब्याच्या खुणा असलेले सगळे लंगोट मामांनी स्वतःहून बदलून द्यायची तयारी दाखवली. आम्ही खुणेचा तुकडा कापून पट्टी पुन्हा शिवून घेतली. तेव्हापासून वहिनी रंगीत दोऱ्याचा टाका घालतात. लाल एक म्हणजे पहिला, लाल दोन म्हणजे दुसरा, पाचानंतर हिरवा. सव्वीस पोरांची ही दोऱ्याची लिपी वहिनींना तोंडपाठ आहे. मला अजून कागद बघावा लागतो. आणि टाका पट्टीच्या बाहेरच्या टोकाला घालतात, अंगाला लागत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी तक्रारी किरकोळ. कॉस्च्युम आणि नी-कॅप भट्टीत चालत नाहीत, ते मशीनला साठ अंशांवर टाकतात. त्यात दोन महिन्यांत तीन कॉस्च्युमची लवचीकता गेली आणि एक तर बगलेत ढिला पडून मॅटवर हसं झालं. आता कॉस्च्युम स्पर्धेपुरतेच, सराव बनियनवर. अमावास्येला भट्टी बंद असते, कॅलेंडर बघून जा. आणि नवरात्रात काही अपेक्षाच ठेवू नका. भाविकांची गर्दी, लॉजच्या चादरींचे डोंगर, आमच्या पिशव्या चार-चार दिवस माळ्यावर. तेव्हा पोरांनी बोर्डिंगवर बंब पेटवून स्वतः पाणी तापवलं, प्रत्येकाची बादली वेगळी. निळी बादली आता कुंडी झालीय, तिच्यात तुळस आहे.

लॉन्ड्रीनं नायटा बरा केला, असं मी म्हणणार नाही. बरा केला तो गोळ्या-मलमांनी आणि मॅटबाहेर बसवून ठेवण्यानं. पण पहिल्या खेपेला औषध घेऊनही जी पोरं पुन्हा पुन्हा भरत होती, त्यांचं ते थांबलं. दसऱ्याला दोघं उरले होते. जानेवारीत एक नवीन निघाला, तो सुट्टीत गावाकडं जाऊन आलेला. घरी आई, बहीण, आजी सगळ्यांना होता, आणि एकच टॉवेल. मॅडमनी सगळ्या घराला बोलावून घेतलं. आजी म्हणाली, "टाकळा लावा की." मी खाली बघितलं.

तर साडेतीन स्टार. अंबाबाई आईसाहेबांच्या गावात साडेतीन म्हणजे कमी नव्हेत. इथं अर्धा स्टार देता येत नाही म्हणून चार दाबलेत.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर टेम्पो लागतात. मामा फोन उचलत नाहीत, वहिनींना संध्याकाळी गाठा. फक्त सुती कपडे भट्टीला सांगा. रंगीत पंचा देऊ नका. आमच्या एकाच्या भगव्या पंच्यानं पाच लंगोट गुलाबी केले आणि ती पाच पोरं अजून कुणाशी धड बोलत नाहीत. आणि पिशवीला नाडी लावू नका, गाठ मारा. भट्टीत नाड्या निघतात आणि मग कुणाची कुठली, हे वहिनींनाही सांगता येत नाही.